लेकीच्या हनुवटीला टाक्यांऐवजी गोंद लावला! हा नेमका काय प्रकार आहे?

निळीशाई
सोमवार, रात्री १०:४०

काल संध्याकाळी लेक (वय ५) पलंगावर उड्या मारत होती. शेवटची उडी चुकली आणि हनुवटी थेट लाकडी कडेवर आपटली. जखम बोटाच्या पेराहून लहान, पण तोंड वासलेली. दाबून धरून रक्त थांबवलं, तशीच उचलली आणि दवाखाना गाठला. सुई, किंकाळ्या, चौघांनी हातपाय धरणं, या सगळ्याची मनाशी तयारी करून गेले होते.

तसलं काहीच झालं नाही. डॉक्टरांनी जखम भरपूर धुतली, टिपून कोरडी केली, दोन बोटांनी कडा जुळवल्या आणि एका इवल्याशा नळीच्या टोकाने वरून जांभळट रेघ ओढली. थोडं थांबले, पुन्हा रेघ. पुन्हा थांबले, तिसरी रेघ. बोटं मिनिटभर तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, "झालं." लेक रडायचंच विसरली.

पण मला तो वास ओळखीचा वाटला. तुटलेल्या कपाचा कान चिकटवताना येतो ना, तसलाच. विचारलं, "हा सुपरग्लू आहे का हो?" तर हसून म्हणाले, "त्याचा चुलतभाऊ समजा." आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

रात्रभर डोक्यात तेच. नाव वाचलं तर त्यात 'सायनो' आहे, म्हणजे सायनाइडचं काही? टाक्यांइतकं टिकतं का? पाणी लागलं तर? आणि नवऱ्याचं म्हणणं, मग घरातल्या ट्यूबने काय घोडं मारलं होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रसायनवेडा
सोमवार, रात्री ११:१५

चुलतभाऊ हे नातं डॉक्टरांनी अगदी नेमकं सांगितलं. घराणं एकच, सायनोॲक्रिलेट. फरक शेपटीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा गोंद 'वाळत' नाही. कागदाला लावायची खळ पाणी उडून जाऊन वाळते, इथे नेमकं उलटं. नळीत त्याचे रेणू सुटे असतात, म्हणून तो पाण्यासारखा पातळ. पाण्याचा नुसता अंश मिळाला की एक रेणू दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि काही सेकंदांत लांबच लांब साखळ्या तयार होतात. कातडीवर ओल कायम असते. त्यामुळे कप चिकटायला लागतो त्याहून लवकर आपली बोटं चिकटतात.

आता शेपूट. प्रत्येक रेणूला कार्बनची एक शेपटी असते. मिथाइलमध्ये १ कार्बन, इथाइलमध्ये २, ब्युटाइलमध्ये ४, ऑक्टाइलमध्ये ८. घरातल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा इथाइल असतं. वैद्यकीय गोंद ब्युटाइल किंवा ऑक्टाइलचे. जांभळा म्हणताय त्यावरून तुमच्या लेकीला ऑक्टाइलवाला लावला असावा. तो कुठे पसरलाय ते दिसावं म्हणून त्यात रंग घालतात.

शेपटीला एवढं महत्त्व का? या साखळ्या शरीरात कायमच्या राहत नाहीत, पाण्यामुळे हळूहळू तुटतात. तुटताना फॉर्मलडिहाइड आणि सायनोॲसिटेट तयार होतं. आखूड शेपटीचा गोंद भराभर तुटतो, त्यामुळे हे पदार्थ एकदम साचतात आणि पेशी होरपळतात. लांब शेपटीचा सावकाश तुटतो, शरीर तेवढं निस्तरून नेतं. शिवाय कातडीवर लावलेला बराचसा गोंद तुटायच्या आधीच खपली होऊन गळून जातो. नावातलं 'सायनो' म्हणजे रेणूला घट्ट बांधलेला कार्बन-नायट्रोजनचा गट. त्यातून सायनाइड सुटून विषबाधा होईल ही भीती काढून टाका.

अवांतर: १९४२ साली कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि मंडळी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होती. हे रसायन हाती आलं, पण दिसेल त्याला चिकटायचं, म्हणून बाजूला टाकलं. १९५१ मध्ये त्यांच्याच गटातल्या फ्रेड जॉयनरने त्याचा थेंब महागड्या रिफ्रॅक्टोमीटरच्या (प्रकाश किती वळतो ते मोजायचं यंत्र) दोन प्रिझमांमध्ये ठेवला आणि प्रिझम काही केल्या सुटेनात. यंत्र गेलं, पण हा दोष नसून गुण आहे हे तेव्हा लक्षात आलं. १९५८ मध्ये गोंद बाजारात आला.

कुतूहल
मंगळवार, सकाळी ७:०५

रसायनवेडा, झकास. व्हिएतनाम युद्धात सैनिकांच्या जखमांवर हा फवारायचे असं वाचलंय. खरं की भाकड?

निवृत्त_कात्री
मंगळवार, सकाळी ९:३०

खरं आहे, पण लोक सांगतात तसं नाही. जखमा 'चिकटवायला' नव्हे, तर पोटातले अवयव फाटून रक्त थांबत नसेल तेव्हा वरून फवारा मारायचे, म्हणजे माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जिवंत पोचेल. त्या गोंदाला तेव्हा अमेरिकेत रीतसर मान्यता नव्हती. कातडीच्या जखमांसाठी ऑक्टाइलवाल्याला तिथे मान्यता मिळाली थेट १९९८ मध्ये. युरोपात ब्युटाइलवाला त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता.

निळीशाई, आता तुमचे प्रश्न. तीसेक वर्षं टाके घातलेत, त्यामुळे टाक्यांची बाजू मी घेणारच. तरी सांगतो, पाच वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवरच्या छोट्या सरळ जखमेला मीही गोंदच लावला असता.

यातली मुख्य गोष्ट अशी की गोंद जखमेत नसतो, जखमेवर असतो. कपाचा कान चिकटवताना आपण तुटलेल्या दोन पृष्ठांच्या मध्ये गोंद घालतो. इथे तसं केलं की सत्यानाश. दोन कडांच्या मध्ये गोंद गेला तर तिथे भिंत उभी राहते. पेशींना पलीकडे जायला वाट नाही, शरीर त्या गोंदाला परका समजून त्याच्याशी भांडत बसतं, आणि जखम भरायची राहते. म्हणून कडा आधी बोटांनी किंवा चिमट्याने नीट जुळवायच्या, किंचित वर उचललेल्या ठेवायच्या, आणि वरून पूल बांधायचा. सगळं कौशल्य त्या जुळवण्यात आहे. गोंद लावणं त्यामानाने पोरखेळ.

तीन रेघा का, तर थर पातळ हवेत. साखळ्या जुळताना उष्णता निघते. जाड थेंब टाकला तर मूल "भाजलं!" म्हणून ओरडतं, आणि खोटं ओरडत नाही.

ताकदीचं म्हणाल तर पहिल्या एकदोन दिवसांत टाके सरस. पुढे आठवड्याभरात जखमच स्वतःला सांधू लागते, मग फरक उरत नाही. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने साध्या जखमांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला त्यात व्रण दिसायला सारखेच निघाले, गोंदाला वेळ कमी लागला, दुखलं कमी. पण जखम उसवण्याचं प्रमाण गोंदात थोडं जास्त आढळलं. साधारण २५ जणांना टाक्यांऐवजी गोंद लावला तर त्यात एखादी जखम जास्तीची उसवते, असा त्याचा हिशोब. म्हणजे जागा पाहून निवड करायची.

गुडघा, कोपर, बोटांची पेरं अशा सतत ताणल्या जाणाऱ्या जागी नुसता गोंद नको. ओठाच्या आत, ओलसर त्वचेवर नको. चावा असेल, जखम मळलेली, चिघळलेली किंवा खोल टोचलेली असेल तर बिलकुल नको. वरून झाकण लावून आत जंतूंना कोंडून ठेवायचा तो प्रकार. जखम खोल असेल तर आतले थर आधी विरघळणाऱ्या टाक्यांनी जवळ आणायचे आणि वरची कातडी गोंदाने बंद करायची. हे आम्ही सर्रास करतो. आणि गोंद असो वा टाके, धनुर्वाताच्या लशीची चौकशी करायला विसरू नका.

जुनाखोडरबर
मंगळवार, सकाळी १०:१०

उत्तम प्रतिसाद. धनुर्वाताचं कुणीतरी बोललं हे बरं झालं.

गिरीभ्रमर
मंगळवार, दुपारी १:२५

डॉक्टरांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. मी पंधरा वर्षं कडे चढतोय. आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत साध्या सुपरग्लूची ट्यूब असते. बोटांच्या टोकाला भेग पडली की एक थेंब, फुंकर, चढाई चालू. तारवाद्यं वाजवणारे मित्रही हेच करतात. आजवर कुणाचं बोट झडलेलं नाही. मग ही 'वैद्यकीय' पाटी म्हणजे नुसती किंमत वाढवायची सोय नाही का?

निवृत्त_कात्री
मंगळवार, दुपारी ३:००

गिरीभ्रमर, तुमच्या बोटांवर जे आहे त्याला आम्ही घट्टा म्हणतो. मेलेल्या कातडीचा जाड थर. त्यातल्या भेगेत ना रक्तवाहिनी, ना जिवंत पेशी. तिथे गोंद लावणं म्हणजे नखाला लावण्यासारखं. त्यावरून उघड्या, रक्ताळलेल्या जखमेचा अंदाज बांधू नका.

घरच्या ट्यूबबद्दल माझ्या तीन तक्रारी. ती निर्जंतुक नसते आणि एकदा उघडली की महिनोन्‌महिने खणात लोळते; वैद्यकीय नळी एका पेशंटला वापरून फेकायची. दुसरं, इथाइल पटकन जमतो, जास्त तापतो आणि कडक होतो. कातडी वळली की तडकतो, आणि त्या तडकलेल्या कडा टोचतात. ऑक्टाइलमध्ये लवचीकपणा येईल असे घटक घातलेले असतात. तिसरं रसायनवेडांनी सांगितलंच आहे, तुटताना होणारा त्रास.

दूर डोंगरात दुसरं काहीच हाताशी नसताना एखाद्याने लावला तर मी त्याला फाशी देणार नाही. पण घरात बसून पोराच्या हनुवटीवर? नको.

अवखळ
मंगळवार, सायंकाळी ५:४५

घरच्या ट्यूबचा माझा किस्सा ऐका, मग ठरवा.

बोट कापलं होतं, भाजी चिरताना. शहाणपणा करून सुपरग्लू लावला. थोडा जास्त ओघळला, म्हणून कापसाच्या बोळ्याने टिपायला गेलो. दोनेक सेकंद काही नाही. मग बोळा गरम लागायला लागला, मग चटका, आणि मग त्यातून चक्क धूर! झटकायला गेलो तर बोळा बोटाला चिकटलेला. नळाखाली धरून ओरडत उभा राहिलो. कापलेली जखम राहिली बाजूलाच, शेजारी भाजल्याचा फोड आला. तो मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस दुखला.

रसायनवेडा
मंगळवार, सायंकाळी ६:२०

अवखळ, तुम्ही नकळत एक प्रसिद्ध प्रयोग केलात. कापूस म्हणजे बारीक तंतूंचं जंगल. पृष्ठभाग प्रचंड आणि त्यावर ओल. गोंद त्यावर पसरला की सगळे रेणू एकदम जुळतात आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. सुती कपड्यांवर सांडून मांडीला भाजल्याच्या घटना आहेत, लोकरीचंही तसंच. सुती किंवा लोकरी हातमोजे घालून हा गोंद कधी हाताळू नये, आणि सांडला तर कापसाने टिपू नये. कपड्यावर सांडलाच तर वरून भरपूर गार पाणी.

वाफेचंही सांगतो. डोळे-नाक चुरचुरतं, खिडकी उघडी ठेवावी. कारखान्यात रोज वाफेत काम करणाऱ्यांना दम्यासारखा त्रास जडलेला आहे. हीच वाफ बोटांच्या ठशांतल्या ओलीवर आणि क्षारांवर जमून पांढरी होते, म्हणून गुन्हेतपासात ठसे उठवायला वापरतात. पण ते राहू द्या, धागा भरकटेल.

चष्मावाली
मंगळवार, रात्री ९:००

नेत्रविभागात काम करते, म्हणून ही कळकळीची विनंती. सुपरग्लूची छोटी बाटली आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली कधीही एका खणात ठेवू नका. झोपेत, चष्म्याशिवाय, अंधारात लोक चुकीची उचलतात. आमच्याकडे असे पेशंट येतात, आणि दरवेळी तेच वाक्य, "दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या हो."

असं झालंच तर पापण्या ओढून उघडायला जाऊ नका. कोमट पाण्याने बराच वेळ धुवा, ओली पट्टी ठेवा आणि नेत्रतज्ज्ञ गाठा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन डोळ्याजवळ आणायचंच नाही. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात, गरज पडली तर आम्ही पापण्यांचे केस कापून सोडवतो. खरी काळजी असते बुबुळावर ओरखडा पडलाय का याची, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

वैद्यकीय गोंदसुद्धा भुवईजवळ लावायचा तर आम्ही डोकं असं कलवतो की ओघळ डोळ्यापासून दूर जाईल, आणि डोळ्यावर ओली पट्टी व पापणीच्या कडेला मलमाचा बांध घालतो.

आता गंमत अशी की तोच गोंद आम्ही बुबुळावर मुद्दाम लावतो. पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, बारीक भोक पडलं, साधारण ३ मिलिमीटरच्या आतलं, तर भोवतालची जागा खरवडून कोरडी करायची आणि सुईच्या टोकावरचा थेंब तिथे बसवायचा. जमलेला गोंद खडबडीत असतो, पापणी घासेल, म्हणून वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. खाली पारपटल भरत आलं की बूच गळून पडतं. कधी त्यावरच भागतं, कधी पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत डोळा तग धरतो.

निळीशाई
बुधवार, सकाळी ८:१५

मंडळी, घोळ झालाय. मी ऑफिसला गेले असताना आजीने मायेने हनुवटीवर मलम चोपडलं. "उघडी जखम तशीच कशी ठेवली" म्हणे. आज पाहते तर गोंदाची एक कड सुटून वर आलीय. लेकीला ती कड कुरतडायचा नाद लागलाय तो वेगळाच. काय करू? आजींना काही बोलवत नाही.

निवृत्त_कात्री
बुधवार, सकाळी ८:५०

आजींना बोलू नका, त्यांचं आयुष्य मलमांवर गेलंय. पण मलम बंद. कुठलंही तेलकट किंवा मेणकट मलम या गोंदाला मऊ करून सोडवतं. गोंद चुकीच्या जागी पडला तर आम्ही स्वतः तेच लावून काढतो!

आधी मऊ ओल्या फडक्याने अलगद टिपून मलम काढा, चोळू नका. मग उजेडात बघा. सुटलेल्या कडेखाली जखम मिटलेली दिसते का? मिटलेली असेल तर ती सुटी कड छोट्या कात्रीने छाटून टाका, ओढू नका, बाकीचं तसंच राहू द्या. जखमेचं तोंड उघडलेलं दिसलं तर आजच दाखवा. घरी वरून पुन्हा गोंद नको. लाली पसरतेय, सूज, वाढतं दुखणं, पू, ताप यांपैकी काही दिसलं तरीही आजच.

पाण्याचं म्हणाल तर अंगावर पाणी पडलं, चेहरा ओला झाला तर काही बिघडत नाही, लगेच टिपून कोरडं करा. टबात डुंबणं, पोहणं, साबणाने घासणं आठवडाभर बंद. गोंदावर थेट चिकटपट्टी नको, काढताना पट्टीबरोबर तोही निघून येतो. कुरतडायचा नाद सुटत नसेल तर सैलसर कोरडी पट्टी बांधा, चिकट भाग गोंदापासून लांब राहील अशी.

निळीशाई
बुधवार, सकाळी ९:२०

जीव भांड्यात पडला. जखम मिटलेलीच आहे. कड छाटली. आजींना सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, मलमाचं काम झालं, आता नको." त्या खूश.

जुनाखोडरबर
बुधवार, दुपारी १२:३०

इथे माझा गोंधळ वाढलाय. निवृत्त_कात्री म्हणतात, गोंद जखमेत जाता कामा नये. पण दोन वर्षांपूर्वी वडिलांना रक्ताच्या उलट्या झाल्या, यकृताचं जुनं दुखणं, जठरातल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. तेव्हा दुर्बिणीतून शिरेच्या आत गोंद टोचला, असं आम्हाला सांगितलं. हाच का तो? मग तिथे 'आत' कसा चालतो? आणि तो आत कायमचा राहिलाय का, ही धाकधूक मला अजून आहे.

कॅथलॅबवाला
बुधवार, रात्री ८:४०

जुनाखोडरबर, हाच तो, बहुधा ब्युटाइलवाला. जठरातल्या शिरांसाठी ही पद्धत हॅम्बुर्गच्या निब सोएहेंद्रा यांनी १९८६ मध्ये मांडली. तिथे दोन कडा सांधायच्याच नसतात, नळ बंद करायचा असतो. कातडीवर जी भिंत नको असते तीच इथे हवी असते.

मी रक्तवाहिन्यांच्या विभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यासाठी हा वापरतात, त्यावरून सांगतो काय कसरत असते ते. गोंदाला रक्त लागलं की काही सेकंदांत जमतो. पण तो तर केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून पाठवायचा. नळीतच जमला तर? म्हणून आधी नळी ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुतात. सलाइन नाही, डेक्स्ट्रोज! सलाइनमधले आयन, म्हणजे मिठाचे विद्युतभारित कण, गोंदाला जमायला लावतात, साखरेच्या पाण्यात ते नसतात. गोंदाच्या टेबलावर सलाइनची वाटी चुकूनही येऊ नये म्हणून आम्ही ते टेबलच वेगळं मांडतो, हातमोजेसुद्धा बदलतो. मग गोंदात लिपिओडॉल नावाचं आयोडीनयुक्त तेल मिसळतात. त्याने दोन कामं होतात, गोंद क्ष-किरणांत दिसतो आणि जमण्याचा वेग कमी होतो. तेल किती, यावर गोंद किती लांब जाऊन थांबणार ते ठरतं. कमी पडलं तर अलीकडेच जमेल, जास्त झालं तर गुंता ओलांडून पलीकडच्या शिरेत जाईल. टोचून झालं की नळी झटक्यात मागे ओढायची. उशीर झाला तर नळीच चिकटून बसते. त्या दोन-चार सेकंदांत खोलीत कुणी शिंकतसुद्धा नाही.

जठरात धोका असा की गोंदाचा तुकडा रक्ताबरोबर वाहत फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून थोडा थोडा टोचतात. दुर्बिणीची नळी चिकटू नये म्हणून ती तेलाने माखतात, आणि खोलीतले सगळे डोळ्यांना चष्मा लावतात, उडालेला एक थेंब पुरतो. वडिलांचं म्हणाल तर शिरेतला गोंदाचा गोळा पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू जठरात सरकून बाहेर पडतो, बहुतेकांना कळतही नाही. पण मूळ दुखणं यकृताचं, शिरा पुन्हा फुगू शकतात. दुर्बीण तपासणीच्या तारखा चुकवू नका.

जुनाखोडरबर
बुधवार, रात्री ९:०५

मनापासून आभार. दोन वर्षांत एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पुढची तारीख चुकली होती, उद्याच फोन करतो.

पायवाट
गुरुवार, सकाळी ११:००

माझी दुसरी बाजू. पोटाची शस्त्रक्रिया झाली, वरची कातडी याच गोंदाने बंद केली, वर जाळीची पट्टी. दहाव्या दिवशी जिथे जिथे गोंद तिथे तिथे लालभडक पुरळ, पाण्याचे फोड, आणि खाज अशी की झोप उडाली. सगळ्यांना वाटलं जंतुसंसर्ग. प्रतिजैविकं दिली, उपयोग शून्य. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, "कधी नकली नखं लावली होती का?" हो, लग्नाच्या आधी महिनोन्‌महिने. त्या गोंदानेच शरीर आधीपासून बिथरलेलं होतं म्हणे. गोंद काढला, स्टेरॉइडचं मलम दिलं, आठवड्यात शांत.

निवृत्त_कात्री
गुरुवार, दुपारी २:१०

पायवाट, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. हे सगळ्यांना होत नाही, पण आम्ही पूर्वी समजत होतो तितकं विरळही नाही. जंतुसंसर्गात पहिल्यांदा दुखतं, ॲलर्जीत पहिल्यांदा खाजतं, आणि पुरळ गोंदाच्या सीमेबरहुकूम उमटतं, ही ढोबळ खूण. नकली नखं, नकली पापण्या यांच्या गोंदाने पूर्वी त्रास झाला असेल तर शस्त्रक्रियेआधी स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो, हे कबूल करतो.

पायांच्या फुगलेल्या शिरा बंद करायलाही २०१५ पासून अमेरिकेत हा गोंद मान्य आहे. शीर जाळायची नाही, त्यामुळे सबंध पायभर भुलीची इंजेक्शनं वाचतात. पण तिथेही काहींना शिरेच्या रेषेत लाली आणि खाज येते, आणि कातडीवरचा गोंद काढता येतो तसा शिरेतला काढता येत नाही. त्यामुळे ॲलर्जी असणाऱ्यांनी तिथे दहादा विचार करावा.

कुतूहल
गुरुवार, सायंकाळी ६:३०

डोक्याला खोक पडली तर? केसांत गोंद म्हणजे सगळाच चिकटा होत असेल.

निवृत्त_कात्री
गुरुवार, सायंकाळी ७:१५

तिथे एक फार देखणी युक्ती आहे. जखमेच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच केस घ्यायचे, एकमेकांवरून एक पीळ द्यायचा आणि पिळावर गोंदाचा एकच थेंब. असे ओळीने पीळ. केसच टाके होतात! भादरायला नको, सुई नको, टाके काढायला परत यायला नको. सिंगापूरमध्ये २००२ साली टाक्यांशी तुलना करून पाहिली, तिथे ही पद्धत सरस ठरली. केस ३ सेंटीमीटर तरी लांब हवेत, म्हणजे माझ्यावर चालणार नाही.

गिरीभ्रमर
गुरुवार, रात्री १०:००

बरं, हरलो. पिशवीत एक वैद्यकीय नळी ठेवतोय. घट्ट्यांसाठी मात्र जुनीच ट्यूब, त्यावर वाद नको. आणि कापूस काढून टाकला, अवखळ यांच्या स्मरणार्थ.

अवखळ
गुरुवार, रात्री १०:०२

अहो, जिवंत आहे मी!

निळीशाई
पुढचा मंगळवार, सकाळी ७:५०

धागा वर काढतेय. आज नववा दिवस. सकाळी उशीवर गव्हाच्या सालपटासारखा जांभळा तुकडा पडलेला होता. लेकीने तो आधी शोधला, तळहातावर ठेवला आणि आजीला दाखवायला पळाली. हनुवटीवर केसाएवढी गुलाबी रेघ आहे, बस. वर्षभर उन्हापासून जपा, म्हणजे डाग गडद होणार नाही, असं काल डॉक्टरांनी सांगितलं.

सालपट आता एका डबीत आहे. शाळेत न्यायचं म्हणते. आणि नवऱ्याने घरातली ट्यूब डोळ्यांच्या औषधांच्या खणातून काढून अवजारांच्या पेटीत ठेवलीय. मी सांगितलेलं नव्हतं. धागा तोही वाचतोय तर.